झडतीच्या वेळी पुडी गिळली तर पुढे काय? पोलीस, पंच आणि घरच्यांनी काय करायचं, समजून घ्या

रात्रीचे साडेनऊ. तालुक्याच्या नाक्यावर नाकाबंदी लागलेली. एक मोटारसायकल येते, बॅरिकेड दिसल्यावर हळू होते. मागे बसलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा खिशात हात घालतो, तोच हात तोंडाकडे नेतो आणि तोंड पुसल्यासारखं करतो.

हवालदार पुढे येतो. "काय टाकलं रे तोंडात?"

"काही नाय साहेब. सुपारी होती."

पोरगा घोट गिळतो. शेजारच्या टपरीवाल्याला आणि डेअरीवर दूध घालून परत निघालेल्या एका शेतकऱ्याला पोलीस हाक मारतात. "काका, जरा पंच म्हणून या इकडं."

हा प्रसंग समजावून सांगण्यापुरता रचलेला आहे. पण असं कुठल्याही तालुक्यात, कुठल्याही नाक्यावर घडू शकतं. पूर्वी अशा गोष्टी शहरात ऐकू यायच्या. आता गांजाची पुडी, ब्राऊन शुगर आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन या नावांच्या बातम्या गावाकडूनही येतात. पोरगा आपल्या गावचा असू शकतो, पंच म्हणून हाक आपल्यालाही येऊ शकते. म्हणून अशा वेळी कायदा काय सांगतो आणि दवाखान्याचं काम कुठून सुरू होतं, हे माहीत पाहिजे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. माल खिशात असेपर्यंत तो मुद्देमाल आहे. पोटात गेला की ज्याच्या पोटात गेला तो आधी पेशंट आहे, आरोपी नंतर. या एका गोष्टीचा विसर पडला तर माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि पोलिसांची केसही.

झडती घ्यायचा अधिकार कुठून येतो?

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 49 नुसार अटक केलेल्या माणसाची अंगझडती पोलीस घेऊ शकतात. अंगावरचे गरजेचे कपडे सोडून जे काही सापडेल ते ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवायचं आणि काय काय घेतलं त्याची पावती त्या माणसाला द्यायची. मोबाईल, पाकीट, रोख रक्कम, कमरेचा करगोटा, सगळं त्या पावतीवर यायला पाहिजे.

अंगावर चाकू, ब्लेड, वस्तरा असलं काही असेल तर ते काढून घेण्याचा अधिकार कलम 50 देतं. हे पोलिसांच्या जितकं फायद्याचं, तितकंच पकडलेल्याच्याही. तोंडात किंवा कपड्याच्या शिवणीत लपवलेल्या ब्लेडने कोठडीत स्वतःला इजा करून घेता येते. म्हणून पहिली झडती नीट आणि शांतपणे झाली पाहिजे. घाईत खिसे चाचपून गाडीत कोंबलं, असं चालत नाही.

अमली पदार्थाचा संशय असेल तर नियम आणखी कडक

गांजा, चरस, ब्राऊन शुगर, एमडी यांच्यासाठी 1985 चा वेगळा कायदा आहे. लोक त्याला एनडीपीएस म्हणतात. गंमत म्हणजे त्यातलंही कलम 50 हेच झडतीचं आहे, त्यामुळे गोंधळ होतो. यापुढे 'कलम 50' म्हटलं की एनडीपीएसचंच समजा.

या कलमानुसार अमली पदार्थासाठी कुणाची अंगझडती घ्यायची असेल, तर त्याआधी त्याला स्पष्ट सांगावं लागतं की, 'तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी, अशी मागणी करायचा तुला हक्क आहे.' त्याने मागणी केली तर त्याला जवळच्या अशा अधिकाऱ्याकडे न्यावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी तहसीलदार किंवा पोलीस उपअधीक्षक हे राजपत्रित अधिकारी असतात.

2010 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विजयसिंह चंदूभा जडेजा विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सांगितलं की हा हक्क सांगणं बंधनकारक आहे. नुसता उपचार म्हणून कागदावर लिहून चालणार नाही. शक्यतो मॅजिस्ट्रेटसमोरच न्यावं, असंही कोर्ट म्हणालं. 2014 मध्ये राजस्थान विरुद्ध परमानंद या खटल्यात दोघा संशयितांना मिळून एकच नोटीस दिली होती. कोर्टाने ते मान्य केलं नाही. प्रत्येकाला वेगळं सांगितलं पाहिजे.

म्हणजे वरच्या प्रसंगात मोटारसायकलवर दोघे असतील तर दोघांना वेगवेगळं सांगायचं, त्यांना समजेल अशा भाषेत. पारधी, भिल्ल, गोंड समाजातल्या माणसाला किंवा परराज्यातून ऊसतोडीला, वीटभट्टीवर आलेल्या मजुराला कोर्टाची मराठी वाचून दाखवली आणि अंगठा घेतला, तर त्याला हक्क सांगितला असं म्हणता येत नाही.

मॅजिस्ट्रेटकडे नेईपर्यंत माल हातचा जाईल असं अधिकाऱ्याला सकारण वाटलं, तर तो जागेवर झडती घेऊ शकतो. पण मग त्याचं कारण लिहून 72 तासांच्या आत वरिष्ठाला पाठवावं लागतं.

अंग वेगळं, पिशवी वेगळी

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. कलम 50 चा हक्क फक्त अंगझडतीसाठी आहे. सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये हिमाचल प्रदेश विरुद्ध पवनकुमार या खटल्यात सांगितलं की हातातली पिशवी किंवा बॅग म्हणजे अंग नव्हे. 2023 मध्येही कोर्टाने हेच कायम ठेवलं. मोटारसायकलची डिकी, टेम्पो, खताच्या गोण्या, कोंबड्यांची खुराडी यांची झडती घेताना कलम 50 चा प्रश्न येत नाही.

पण खिसा, कंबर, मोजा, अंतर्वस्त्र, तोंड हे सगळं अंगच. कपड्यात काही लपवल्याचा संशय आला तर कलम 50 पाळावंच लागतं.

आता मुद्द्याचं: त्याने पुडी गिळली

पोलीस दिसले की घाबरून तोंडात टाकणं हा प्रकार जगभर घडतो. डॉक्टर अशा पेशंटचे दोन प्रकार करतात. पहिला म्हणजे कॅप्सूल नीट बांधून, ठरवून गिळून नेणारा. असे लोक बहुतेक विमानतळांवर सापडतात. दुसरा म्हणजे पकडलं जाण्याच्या भीतीने हातात होतं ते पटकन गिळणारा. माल थोडा असल्यामुळे हा दुसरा कमी धोक्याचा वाटतो. पण त्याची पुडी साध्या कागदात किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत असते. ती पोटात लवकर फुटू शकते.

फुटली की काय होतं?

– एमडी किंवा कोकेन असेल तर घाम फुटतो, छाती धडधडते, माणूस बेचैन होतो, अंग तापतं, झटके येऊ शकतात.
– ब्राऊन शुगर किंवा अफूपासून केलेलं काही असेल तर उलटं होतं. सुस्ती येते, श्वास मंद होतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते.
– गांजा पोटात गेला तर परिणाम सावकाश दिसतो. गुंगी, उलटी, घाबरगुंडी असं होऊ शकतं.

यातला दुसरा प्रकार सगळ्यात फसवा. कोठडीत माणूस गपगार झोपलेला दिसतो, घोरतो. पहारेकऱ्याला वाटतं, नशा उतरतेय, झोपू दे. प्रत्यक्षात त्याचा श्वास थांबत आलेला असतो. हाक मारून, हलवून उठत नसेल तर ती झोप नाही.

म्हणून गिळल्याचा नुसता संशय असला तरी पहिली गाडी पोलीस ठाण्याकडे नाही, दवाखान्याकडे गेली पाहिजे. आधी एफआयआर लिहू, मग बघू, असं करू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 नंबर आहेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नसेल तर तिथे वेळ न घालवता ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचं.

तोंडात बोटं घालायची नाहीत, मिठाचं पाणी पाजायचं नाही

गावाकडे कुणी फवारणीचं औषध प्यालं की काय करतात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कुणी मिठाचं पाणी पाजतं, कुणी घशात बोटं घालतं. यातून बरेचदा नुकसानच होतं, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ओकारी श्वासनलिकेत गेली तर माणूस गुदमरतो. गिळलेल्या पुडीलाही हेच लागू आहे.

पुडी अजून तोंडात आहे असं वाटत असेल तर 'थुंक' म्हणून सांगायचं. गळा आवळून, नाक दाबून, जबडा फाकवून काढायला गेलं की पुडी घशात अडकू शकते. मग पुडीतल्या मालाआधी पुडीनेच जीव जातो.

जबरदस्तीने ओकारी काढण्याचा प्रयोग जर्मनीत झालेला आहे. तिथे काही शहरांत पोलीस संशयिताला दवाखान्यात नेऊन नळीतून ओकारीचं औषध पोटात सोडायचे. 2001 मध्ये हॅम्बुर्गला आणि 2005 मध्ये ब्रेमेनला अशा प्रकारात एकेका माणसाचा जीव गेला. 2006 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जल्लोह विरुद्ध जर्मनी या खटल्यात निकाल दिला. चार जणांनी धरून ठेवून एका माणसाच्या पोटातून कोकेनची पुडी काढली होती. ही वागणूक अमानुष आणि अपमानकारक असल्याचं कोर्टाने म्हटलं. पुडी तर अशीही शौचावाटे बाहेर आली असती, हाही मुद्दा त्या निकालात होता.

अमेरिकेत तर हा प्रश्न त्याच्याही आधी आला. 1949 साली लॉस एंजेलिसमध्ये पोलीस एका घरात घुसले, तिथल्या माणसाने दोन कॅप्सूल गिळल्या. त्याला दवाखान्यात नेऊन पोटात नळी घालून त्या काढल्या. त्यात मॉर्फीन निघालं. 1952 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. माल खरा होता, माणूस दोषी होता, तरी पद्धत चुकली म्हणून केस गेली.

मग डॉक्टर काय करतात?

आपल्याकडे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 51 आहे. अटक केलेल्याच्या शरीरातून पुरावा मिळेल असं सकारण वाटलं तर पोलीस डॉक्टरांना तपासणीची विनंती करू शकतात. त्यासाठी लागेल तेवढंच वाजवी बळ वापरायची मुभा कायदा देतो. पण ती तपासणी नोंदणीकृत डॉक्टरने करायची. पोलिसाने शरीराच्या आत हात घालायचा नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

दवाखान्यात साधारण असं होतं. नाडी, श्वास, रक्तदाब, अंगाचा ताप यावर सतत लक्ष ठेवलं जातं. गरज वाटली तर विष शोषून घेणारा कोळसा पाजतात. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतात. यात एक पक्कं लक्षात ठेवा. घाईत गिळलेली छोटी पुडी एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. 'एक्स-रे साफ आहे' म्हणजे पोट साफ आहे असं होत नाही. म्हणून काही तास ॲडमिट ठेवून बघावं लागतं. अफूच्या जातीचा माल असेल तर त्यावर उतारा देणारं इंजेक्शन असतं. पुडी फुटल्याची लक्षणं दिसली, आतडं अडलं, तर ऑपरेशनचीही वेळ येते. हा निर्णय डॉक्टरांचा. तपास अधिकाऱ्याचा नाही.

डॉक्टरांना खरं सांगणं फार महत्त्वाचं आहे. काय गिळलं, किती गिळलं, कशात बांधलं होतं, किती वाजता गिळलं. फवारणीच्या विषबाधेत बाटली दवाखान्यात न्यायला सांगतात, तसंच हे. पोरगा पोलिसांसमोर बोलत नसेल तर डॉक्टरांनी त्याला विश्वासात घेऊन विचारावं. शिक्षेच्या भीतीने गप्प राहिलेला माणूस जिवाशी खेळत असतो.

विमानतळावरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे कस्टम्स कायद्याचं कलम 103 लागतं. अंगात माल लपवल्याचा संशय आला तर अधिकारी त्या माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर नेतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने एक्स-रे निघतो. माणसाने स्वतःहून कबूल केलं आणि तपासणीला तयार झाला तर हा आदेश लागत नाही. मुंबई विमानतळावर पकडलेल्या अशा प्रवाशांना जे. जे. रुग्णालयात ठेवून कॅप्सूल बाहेर काढल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचतो. कित्येक दिवस लागतात, पण डॉक्टरांच्या नजरेखाली काम होतं.

जबाबदारी कुणाची?

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 56 अगदी छोटं आहे. ज्याच्या ताब्यात आरोपी आहे, त्याने आरोपीच्या तब्येतीची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यायची. बस, एवढंच. पण यात सगळं आलं. 'त्याने स्वतःच गिळलं, आम्ही काय करणार' असं म्हणून सुटता येत नाही. गिळताना बघितलं किंवा गिळल्याचं कळलं, त्या क्षणापासून घड्याळ सुरू झालं.

कोठडीत मृत्यू झाला तर कलम 196 प्रमाणे मॅजिस्ट्रेटची चौकशी होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवावं लागतं. पोलीस ठाण्यात आणि कोठडीसमोर सीसीटीव्ही असलाच पाहिजे आणि त्याचं रेकॉर्डिंग शक्यतो 18 महिने, निदान एक वर्ष जपून ठेवलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये परमवीरसिंग सैनी खटल्यात सांगितलेलं आहे.

नियम पाळणारा पोलीसही यातूनच वाचतो. वेळेवर दवाखान्यात नेल्याची नोंद, डॉक्टरांचा कागद आणि व्हिडिओ असेल तर उद्या कुणी खोटा आरोप केला तरी तो टिकत नाही.

बाईमाणसाची झडती

यात कसलीही सूट नाही. बाईची झडती बाईच घेणार, आणि तीही अब्रू सांभाळून. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 49 आणि एनडीपीएसचं कलम 50 दोन्ही हेच सांगतात. वैद्यकीय तपासणी असेल तर ती महिला डॉक्टरने किंवा महिला डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हायला हवी. 'महिला पोलीस तालुक्यावरून यायला वेळ लागतोय' हे कारण चालत नाही. तोवर तिला नजरेसमोर बसवून ठेवायचं. भर बाजारात, लोकांच्या गराड्यात पदर किंवा ओढणी ओढून बघणं म्हणजे झडती नव्हे.

पुरुषाच्या बाबतीतही चारचौघांत कपडे उतरवणं, त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं चुकीचंच. बघ्यांनी असे व्हिडिओ पुढे पाठवू नयेत.

तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर

आता टपरीवाला आणि दूधवाला शेतकरी यांच्याकडे येऊ. पंच म्हटलं की लोक मागे सरतात. कोर्टाच्या चकरा कोण मारणार? ही भीती खोटी नाही. पण घराची किंवा जागेची झडती असेल तर पोलिसांना त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवावे लागतात. लेखी आदेश देऊन बोलावलं आणि सबळ कारण नसताना नकार दिला तर तोही गुन्हा धरला जातो. कोर्टात मात्र समन्स आल्याशिवाय जावं लागत नाही.

गारपिटीचा पंचनामा बांधावर न जाता ऑफिसात बसून लिहिला तर काय होतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. झडतीचा पंचनामाही तसाच आहे. म्हणून पंचाने एवढं सांभाळावं:

1. झडती सुरू व्हायच्या आधी हजर असा. सगळं झाल्यावर नुसत्या सहीला बोलावलं तर तसं स्पष्ट सांगा.
2. पोलीस स्वतःची झडती आधी द्यायला तयार आहेत का, विचारा. त्यांच्या खिशातून काही टाकलं गेलं नाही, हे तुमच्यासमोर दिसलं पाहिजे.
3. संशयिताला त्याचा हक्क सांगितला का, तो काय म्हणाला, हे तुमच्या कानांनी ऐका.
4. माल कुठून निघाला ते नीट बघा. उजवा खिसा की डावा, मोजा की पिशवी.
5. वजन तुमच्यासमोर करायला सांगा. काट्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा एकच आहे का, बघा.
6. सील तुमच्यासमोर लागलं पाहिजे.
7. तोंडात काही टाकताना बघितलं असेल तर वेळेसकट पंचनाम्यात लिहायला सांगा. बघितलं नसेल तर 'बघितलं' म्हणू नका.
8. पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

नव्या कायद्याच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. मोबाईलवर केलं तरी चालतं. जप्तीची यादी बनवणं आणि पंचांच्या सह्या हेही त्या रेकॉर्डिंगमध्ये आलं पाहिजे. रेकॉर्डिंग विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. शूटिंग चालू आहे का, हे पंच म्हणून विचारायला लाजू नका.

वजनावर शिक्षा ठरते

वजनाचा इतका आग्रह का? कारण एनडीपीएसमध्ये शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा 1 किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' आणि 20 किलोच्या वर 'व्यावसायिक प्रमाण' धरतात. एमडीला हेच आकडे 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम आहेत. ब्राऊन शुगर म्हणजे हेरॉईनला 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम.

अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं आणि किमान एक लाख दंड. जामीनही फार अवघड होतो.

आता त्या नाक्यावरच्या पोराचा हिशेब करा. त्याच्याकडे ग्रॅम-दीड ग्रॅमची पुडी असेल तर कायद्याने जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा होती. तीच पुडी त्याने गिळली, तर त्याच रात्री मरण येऊ शकतं. ज्याच्या घरात तरुण पोरं आहेत, त्याने हे एकदा घरात बसून सांगायला हवं.

घरच्यांनी काय करायचं?

पोराला धरल्याचा फोन आला की घरचे आधी गावातल्या पुढाऱ्याला फोन लावतात. त्याआधी या गोष्टी करा:

– कुठल्या ठाण्याने, कशासाठी, किती वाजता धरलं ते विचारा. अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणं लेखी मागा.
– त्याने काही गिळल्याची शंका असेल, त्याच्या सोबत्याने तसं सांगितलं असेल, तर लपवू नका. ठाणे अंमलदाराला लगेच सांगा, 'साहेब, त्याला आधी दवाखान्यात न्या.' 112 वर फोन करूनही सांगता येतं. सांगितल्याची वेळ लिहून ठेवा.
– अटकेनंतर सरकारी डॉक्टरकडून तपासणी होतेच. त्या अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क आहे.
– त्याला आधीपासून झटके, दमा, साखर, हृदयाचा काही त्रास असेल, नशेची सवय असेल, तर तेही सांगा. सवयीच्या माणसाची नशा अचानक बंद झाली की वेगळाच त्रास सुरू होतो.
– 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं. त्यातून फक्त प्रवासाचा वेळ वगळतात. कोर्टात मॅजिस्ट्रेटने 'काही तक्रार आहे का' विचारलं तर मारहाण, त्रास, पोटदुखी जे असेल ते तिथेच बोलायला त्याला सांगा.
– वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन नंबर 15100.

झडती मुद्दाम छळण्यासाठी, विनाकारण घेतली असेल तर एनडीपीएसच्या कलम 58 मध्ये अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे. आणि भाऊबंदकीच्या, बांधाच्या भांडणातून कुणी दुसऱ्याच्या नावाने खोटी टीप देऊन झडती घडवून आणली, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वाक्य गावातल्या काही जणांनी दोनदा वाचावं.

नाक्यावर परत येऊ

मग त्या रात्री बरोबर काय झालं असतं? हवालदाराने पोराच्या गळ्याला हात घातला नसता. 'थुंक' म्हणून सांगितलं असतं. गिळलंच, तर घड्याळ बघून वेळ लिहिली असती आणि साहेबांना फोन करून गाडी ग्रामीण रुग्णालयाकडे वळवली असती. सोबत्याला बाजूला घेऊन काय माल होता ते विचारलं असतं आणि ते डॉक्टरांना सांगितलं असतं. दोघांना त्यांचा हक्क वेगवेगळा सांगून, मोबाईलवर शूटिंग करून, पंचांसमोर राहिलेली झडती झाली असती. टपरीवाल्याने आणि शेतकऱ्याने जेवढं बघितलं तेवढंच लिहून घेतलं असतं. रात्री बारापर्यंत घरच्यांना फोन गेला असता. पोरगा वॉर्डात असता, दाराशी पोलीस बसलेला असता. सकाळी केसही शाबूत आणि पोरगाही.

नशेच्या सवयीतून बाहेर पडायचं असेल तर व्यसनमुक्तीची 14446 ही मोफत हेल्पलाईन आहे. नशेच्या धंद्याची माहिती द्यायची असेल तर 1933. दोन्ही नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. पोराच्या खिशात पुडी सापडायच्या आधी पहिल्या नंबरवर फोन गेला, तर पुढचं नाका, पंच, कोठडी काहीच लागत नाही.